भूमिगत खाणकामापासून पुरातत्त्वीय स्थळं कशी वाचवायची: आराखड्यापासून खाण बंद झाल्यानंतरपर्यंत

खाण उघडी नाही, भूमिगत आहे, म्हणजे वरच्या पुरातत्त्वीय स्थळाला धोका नाही, असं गृहीत धरून कितीतरी प्रस्ताव पुढे सरकतात. खड्डा दिसत नाही, टेकाड जागच्या जागी असतं, तटबंदी उभी असते, मग हरकत घ्यायची कशाच्या आधारावर, असा प्रश्न समितीत बसलेल्यांना पडतो. पण जमिनीखाली अडीच मीटर जाडीचा कोळशाचा थर पूर्ण काढून वरचं छत कोसळू दिलं, तर पृष्ठभाग दोन मीटरपर्यंत खाली बसू शकतो. ब्रिटिश कोळसा क्षेत्रात थराच्या जाडीच्या ९० टक्क्यांपर्यंत खचणं नोंदलं गेलं आहे.

हा लेख पुरातत्त्वज्ञ, वारसा विभागातले अधिकारी, खाणीचे नियोजक आणि स्थळाची काळजी घेणारे स्थानिक गट अशा सगळ्यांसाठी आहे. माझं म्हणणं एकच आहे: स्थळ वाचतं ते खाणीच्या आराखड्यात. पॅनेलच्या, म्हणजे खनिज सलग काढायच्या लांबट पट्ट्यांच्या, रेषा कागदावर आहेत तोवर त्या पन्नास मीटर सरकवता येतात. फेस, म्हणजे खनिज कापत पुढे सरकणारी कामाची कडा, सुरू झाला की हातात उरतात मोजमाप आणि डागडुजी.

पहिली पायरी: जमीन नेमकी कशी हलते ते समजून घ्या

लाँगवॉल पद्धतीत एक लांबलचक पॅनेल सलग कापलं जातं आणि मागचं छत कोसळू दिलं जातं. कोसळलेल्या भागाला खाणकामगार गोफ म्हणतात. या गोफावरचा खडक थराथराने वाकत खाली येतो आणि पृष्ठभागावर एक पसरट, उथळ खळगा तयार होतो. मऊ गादीवर मधोमध बसल्यावर चादर कडांना ताणली जाते आणि मध्ये तिला चुण्या पडतात, तसंच इथे होतं. खळग्याच्या कडेला जमीन ताणली जाते, मध्यभागी ती दाबली जाते आणि दोन्हींच्या मधल्या उतारावर ती कलते.

एखादं स्थळ किती खाली गेलं, हा आकडा म्हणूनच फसवा आहे. अख्खं स्थळ एकसारखं दीड मीटर खाली बसलं तर कदाचित एकही भेग पडणार नाही. उलट, ते खळग्याच्या कडेवर आलं तर वीस सेंटिमीटर खचणंही जोत्याला चिरून टाकेल. विचारायचे आकडे तीन: कल, वक्रता आणि आडवा ताण किंवा दाब.

ताणाची भेग वस्तीच्या टेकाडात काय करते, ते जवळून पाहण्यासारखं आहे. समजा, वरच्या थरात तुलनेने अलीकडची नाणी आणि खापरं आहेत, आणि तीन मीटर खाली एका जळालेल्या घराची मातीची जमीन आहे. चार सेंटिमीटर रुंदीची भेग वरून खालपर्यंत उघडते. पहिल्याच पावसात वरची माती, खापराचे तुकडे, कोळशाचे कण त्यात घसरतात आणि जळालेल्या जमिनीच्या पातळीला जाऊन बसतात. काही महिन्यांनी वरचं तोंड बुजून जातं. दहा वर्षांनी तिथे उत्खनन करणाऱ्याला खालच्या थरात कोळसा सापडतो, तो कालमापनासाठी जातो आणि तारीख काही शतकांनी चुकते. वरून पाहणाऱ्याला टेकाड जसंच्या तसं दिसत असतं. भिंतीची भेग निदान डोळ्यांना दिसते. स्तररचनेचं हे नुकसान कुणाच्या अहवालातही येत नाही. म्हणून मला ते जास्त गंभीर वाटतं.

बोर्ड अँड पिलर पद्धतीत खनिजाचेच खांब ठेवून काम होतं. खांब टिकले तर वर फारसं काही होत नाही. पण डीपिलरिंग झालं, म्हणजे ते खांबही काढून घेतले, किंवा जुने खांब वर्षानुवर्षं झिजत गेले, तर जमीन खचते. उथळ खाणीत तर अचानक भोक पडावं तसा खड्डा तयार होतो. तुटलेला खडक मूळ खडकापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे खोल खाणीतली पोकळी वर सरकता सरकता स्वतःच बुजते. डोक्यावरच्या खडकाची जाडी खोदकामाच्या उंचीच्या साधारण दहापटीपेक्षा कमी असेल, तर मात्र ती पोकळी पृष्ठभागापर्यंत पोचण्याची भीती धरूनच चालावं.

दुसरी पायरी: खाणपट्ट्याची नव्हे, प्रभावक्षेत्राची सीमा आखा

खचण्याचा परिणाम पॅनेलच्या कडेच्या सरळ वर संपत नाही. तो बाहेरच्या बाजूला पसरतो. उभ्या रेषेपासून हा पसरण्याचा कोन ब्रिटिश कोळसा क्षेत्रात परंपरेने ३५ अंश धरतात. काही ठिकाणी २६.५ अंश धरतात, म्हणजे खोलीच्या निम्मं अंतर. ३५ अंशांना खोलीच्या सुमारे ०.७ पट अंतर येतं. खाण ५०० मीटर खोल असेल तर पॅनेलच्या कडेपासून ३५० मीटर दूरची जमीनही हलू शकते.

हा हिशेब कायद्यातल्या अंतरांशी ताडून बघा. भारतात राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकांभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. ही अंतरं पृष्ठभागावर मोजायची आहेत. ५०० मीटर खोलीवरचं पॅनेल या ३०० मीटरच्या काठालगत येऊन थांबलं, तरी त्याचा प्रभाव आत शिरतो. नियम पाळला म्हणजे स्थळ सुरक्षित झालं, असं समजू नका.

नकाशावर तीन रेषा काढा: स्थळाची कडा, त्याभोवती खोलीनुसार येणारं प्रभावक्षेत्र, आणि भूजलासाठी त्याहून मोठं एक वर्तुळ. खनिजाचा थर कलता असेल तर उताराच्या आणि चढाच्या बाजूला कोन सारखा नसतो. तिथे भूगर्भतज्ज्ञाकडून वेगळा हिशेब करून घ्या.

तिसरी पायरी: त्या क्षेत्रात काय आहे ते शोधून काढा

सरकारी यादीतली स्मारकं म्हणजे सगळा वारसा नाही. हवाई लेझर सर्वेक्षण, जुनी हवाई छायाचित्रं, मॅग्नेटोमेट्री (जमिनीतले चुंबकीय फरक मोजणं), जमिनीत शिरणारं रडार आणि त्यानंतर पायी पाहणी, या क्रमाने जावं. स्थानिक गुराखी आणि शेतकरी यांच्याशी बोलल्याशिवाय पाहणी पूर्ण झाली असं मानू नये. कुठे नांगराला विटा लागतात, हे त्यांनाच ठाऊक असतं. हे काम शोधबोअर (जमिनीखाली काय आहे ते तपासायची खोल छिद्रं) घेण्याआधी व्हायला हवं, कारण ड्रिलिंग रिगसाठी काढलेला रस्ताच पहिलं नुकसान करून बसतो.

सापडलेल्या स्थळांची संवेदनशीलता वेगवेगळी असते. मातीचं टेकाड कल सहन करतं, भेग नाही. चुन्यात बांधलेली भिंत थोडं हलणं पचवते. सिमेंटने ‘दुरुस्त’ केलेली भिंत तेवढंही पचवत नाही. सर्वांत नाजूक म्हणजे पुढे झुकलेल्या खडकांचे आडोसे. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या दक्षिणेकडच्या कोळसा क्षेत्रात वालुकाश्माचे असे असंख्य आडोसे आहेत आणि त्यांत आदिवासींची चित्रं आहेत. खालून लाँगवॉल गेल्यावर छताला भेग जाणं किंवा कपचा निखळणं हा एक धोका. दुसरा गुपचूप येतो: भेगांमुळे पाणी झिरपण्याची वाट बदलते आणि हजारो वर्षं कोरडं राहिलेलं चित्र ओलं व्हायला लागतं.

प्राचीन खाण हेच स्थळ असेल, तर जास्तच जपायला हवं. रुमानियातल्या रोशिया मोंटानाच्या रोमन सोन्याच्या खाणी २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत आल्या, पोलंडमधल्या क्शेमिओन्कीच्या प्रागैतिहासिक गारगोटीच्या खाणी २०१९ मध्ये. खनिज जिथे पूर्वी सापडलं तिथेच आजही शोधलं जातं, म्हणून नवी खाण जुन्या खाणीवर येण्याची शक्यता अपवादात्मक नाही. जुन्या बोगद्यांचा नकाशा नसेल तर फेसच्या पुढे शोधबोअर घेत जाण्याची अट घाला. त्यामुळे वारसा वाचतो आणि साठलेलं पाणी अंगावर येण्यापासून कामगारही वाचतात.

चौथी पायरी: अंदाज मागवा आणि तो वाचायला शिका

कंपनीच्या अहवालात ‘परिणाम नगण्य’ असं लिहिलेलं असेल तर ते आकड्यांत मागा. स्थळाच्या प्रत्येक महत्त्वाच्या बिंदूला कल आणि ताण किती येईल, मिलिमीटर प्रति मीटरमध्ये. तुलनेसाठी पोलंडची वर्गवारी उपयोगी पडते. तिथे खाणक्षेत्रातल्या जमिनीचे वर्ग पाडले आहेत: पहिल्या वर्गात कल २.५ आणि ताण १.५ मिलिमीटर प्रति मीटरपर्यंत, दुसऱ्यात ५ आणि ३, तिसऱ्यात १० आणि ६, चौथ्यात १५ आणि ९. त्याखाली शून्य वर्ग आहे, कल ०.५ आणि ताण ०.३ पर्यंत. ही वर्गवारी मुख्यतः इमारतींसाठी आहे. पुरातत्त्वीय अवशेषांसाठी शून्य वर्गाच्या आसपास राहण्याचा आग्रह धरा. पहिल्या वर्गावर तडजोड करायची झाली, तर स्थळागणिक कारण लिहून द्यायला लावा.

अंदाज एकच आकडा म्हणून स्वीकारू नका. अपेक्षित आणि वाईटात वाईट असे दोन्ही मागा, आणि फेस पुढे सरकत असतानाचे तात्पुरते आकडेही मागा. फेस जवळ येताना जमीन आधी ताणली जाते, तो पुढे गेल्यावर दाबली जाते. शेवटी सगळं सपाट झालं तरी मधली लाट स्थळातून जाऊन गेलेली असते. दऱ्याखोऱ्यांचा प्रदेश, प्रस्तरभंग (खडक तुटून सरकल्याच्या रेषा) किंवा खाली जुनी कामं असतील, तर नेहमीची सूत्रं कमी पडतात. हे अहवालात स्पष्ट यायला हवं.

पाचवी पायरी: आराखडा बदलून घ्या

खरी वाटाघाट इथे होते, म्हणून इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

पहिला पर्याय संरक्षक खांबाचा, म्हणजे स्थळाखालचं खनिज न काढता तसंच ठेवायचं. उपाय चांगला, पण तो अर्धवट केला तर न करण्यापेक्षा वाईट. खांब स्थळाएवढाच ठेवला तर स्थळाची कडा नेमकी ताणाच्या पट्ट्यात येते. स्थळ १०० मीटर रुंद, खोली ५०० मीटर आणि कोन ३५ अंश असेल, तर खांब दोन्ही बाजूंना ३५० मीटर धरून सुमारे ८०० मीटर रुंद हवा. एवढं खनिज सोडायला कंपनी सहज तयार होणार नाही, आणि खांबाची रुंदी हळूहळू घासाघीस करत कमी केली जाईल. तिथे अडून बसा. रुंदी कमी करायची असेल तर भराव किंवा अरुंद पॅनेल यांसारखी दुसरी अट जोडूनच ती कमी होऊ द्या.

दुसरा पर्याय पॅनेलची रुंदी कमी करण्याचा. पॅनेलची रुंदी खोलीच्या साधारण १.४ पट झाली की खचणं पूर्ण प्रमाणात पृष्ठभागावर येतं. रुंदी खोलीच्या एक-तृतीयांशाच्या आत ठेवली आणि दोन पॅनेलांमध्ये जाड खांब सोडले, तर वरचा मजबूत खडक पुलासारखा तोलून राहतो आणि खचणं खूपच कमी होतं. मजबूत खडक नसेल तर यावर विसंबू नका.

तिसरा पर्याय भरावाचा. रिकाम्या जागेत वाळू, राख किंवा खाणीतलाच चुरा सिमेंटमध्ये कालवून भरायचा. खर्च आणि पाणी दोन्ही लागतं, पण कोसळू देण्याच्या तुलनेत खचणं कित्येक पटींनी घटतं. भराव ‘करणार’ एवढं लिहून भागत नाही. तो छताला टेकेपर्यंत भरला जातोय का, हे तपासणारा स्वतंत्र माणूस ठरवा. छताखाली राहिलेली अर्ध्या मीटरची फट म्हणजे पुढे तेवढं खचणं.

स्थळाखालून फेस जाणं टळतच नसेल, तर तीन गोष्टी पाळायला लावा. स्थळ पॅनेलच्या मध्यावर येईल अशी मांडणी करा, म्हणजे कायमचा ताण कडेला राहील. पॅनेलची दिशा अशी ठेवा की लांबट अवशेष, उदाहरणार्थ तटबंदी, लाटेला कमीत कमी ताणाने सामोरे जातील. आणि फेस स्थळाखाली किंवा त्याच्या प्रभावक्षेत्रात कधीही थांबू देऊ नका. संप, बिघाड, सुट्टी, बाजारभाव पडणं, कारण कुठलंही असो. फेस तिथे थांबला की जाती लाट कायमची होऊन बसते. प्रभावक्षेत्र सुरू होण्यापूर्वीच यंत्रांची देखभाल पूर्ण करा आणि मग एकसारख्या गतीने पार व्हा. दोन फेस ठरावीक अंतराने एकामागून एक नेऊन एकाचा ताण दुसऱ्याच्या दाबाने खोडून काढण्याचं तंत्रही आहे, पण त्याला शिस्त फार लागते.

सहावी पायरी: पाण्याचा वेगळा आराखडा करा

खाण कोरडी ठेवायला सतत पाणी उपसलं जातं आणि भूजल उतरतं. जमिनीची एकही भेग न पडता स्थळ नष्ट होण्याचा हा मार्ग आहे. पाण्याने भिजलेल्या, प्राणवायू न पोचणाऱ्या थरांत लाकूड, चामडं, बिया, शिंगं हजारो वर्षं टिकतात. पाणी उतरलं की हवा शिरते, जंतू कामाला लागतात आणि गाळातल्या लोहगंधकाचं आम्ल होतं. इंग्लंडमधल्या स्टार कार इथे हेच झालं. सुमारे ११,००० वर्षं जुनं हे मध्याश्मयुगीन स्थळ. १९४९ ते १९५१ या काळातल्या उत्खननात तिथलं लाकूड, हाडं, शिंगं उत्तम अवस्थेत मिळाली होती. चालू शतकातल्या उत्खननात माती कमालीची आम्लधर्मी झालेली आढळली आणि हाडं मऊ पडली होती. तिथे कारण खाणीचं नव्हतं, शेतीसाठी केलेल्या निचऱ्याचं होतं. थरांना मात्र पाणी कुणी उपसलं याने फरक पडत नाही.

स्थळाच्या आत आणि भोवती पिझोमीटर (भूजलाची पातळी मोजणाऱ्या नळ्या) बसवा. पाण्याच्या पातळीसोबत आम्लता आणि विरघळलेला प्राणवायूही मोजा. खनिज काढण्याआधी किमान एक पूर्ण वर्षाच्या नोंदी हव्यात, नाहीतर ऋतूनुसार होणारा बदल आणि खाणीचा परिणाम वेगळा काढता येत नाही. पातळी घसरू लागली तर पाणी परत जिरवण्याच्या विहिरी आधीच तयार असाव्यात. जिरवायचं पाणी मूळ भूजलासारखंच असलं पाहिजे. प्राणवायूने भरलेलं पाणी सोडणं हा उपाय नाही.

पाणी उलट्या बाजूनेही घात करतं. पोलंडमधली व्येलिच्काची मिठाची खाण १९७८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. १९९२ मध्ये तिथल्या मीना नावाच्या बोगद्यात पाणी आणि गाळ घुसला, वरची जमीन खचली आणि जवळचा रेल्वेमार्ग व मठ धोक्यात आले. मीठ, जिप्सम, चुनखडी अशा विरघळणाऱ्या खडकांत प्रत्येक गळतीची नोंद ठेवा.

सातवी पायरी: कंपनं आणि पृष्ठभागावरची बांधकामं

भारतात खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंना ब्लास्टिंगच्या कंपनाच्या वेगाची मर्यादा, कंपनाची वारंवारता ८ हर्ट्झखाली असेल तर २, ८ ते २५ हर्ट्झला ५ आणि त्यापुढे १० मिलिमीटर प्रति सेकंद आहे. जर्मन मानक अशा वास्तूंच्या पायाशी, १० हर्ट्झखाली, ३ मिलिमीटर प्रति सेकंद धरतं. आधीच भेगाळलेल्या रंगीत गिलाव्यासाठी याहून कमी मर्यादा मागा. शाफ्ट (खाणीत उतरायचे उभे मार्ग), हवेचे पंखे, ट्रकचे रस्ते आणि कचऱ्याचे ढीग प्रभावक्षेत्राबाहेर हलवणं बहुधा सोपं असतं, म्हणून ते पहिल्याच बैठकीत मिटवून टाका.

आठवी पायरी: स्थळावर करायचे उपाय, पण हात राखून

उभ्या भिंतींना तात्पुरते टेके, कमानींना आधार, मनोऱ्यांना पट्टे हे फेस येण्याआधी लावावेत आणि लाट गेल्यावर काढता येतील असे असावेत. दाब शोषून घेण्यासाठी इमारतीभोवती चर खणून त्यात मऊ भराव टाकण्याचं एक जुनं तंत्र आहे. पुरातत्त्वीय स्थळाला ते जसंच्या तसं लावू नका, कारण चर खणणं हेच थरांतलं खोदकाम आहे. खणायचाच तर पुरातत्त्वज्ञाच्या हातून, शास्त्रीय उत्खनन म्हणून खणा. शिवाय चर दाब शोषतो, ताण नाही.

स्थळाखाली जुनी उथळ पोकळी असेल तर ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, भरता येतं. बोअर स्थळाच्या बाहेरून तिरपे घ्या आणि दाब कमी ठेवा. दाबाखाली भेगांतून वर चढलेलं ग्राउट वस्तीच्या थरांत शिरलं, तर ते कुणालाही काढता येणार नाही.

वास्तू उचलून नेण्याचं उदाहरण हमखास पुढे केलं जातं. स्वीडनमधल्या किरुना शहराखालच्या लोखंडाच्या भूमिगत खाणीमुळे शहर हलवावं लागलं, आणि तिथलं १९१२ सालचं लाकडी चर्च ऑगस्ट २०२५ मध्ये अख्खंच्या अख्खं चाकांवरून सुमारे पाच किलोमीटर दूर नेलं. अभियांत्रिकी म्हणून ते थक्क करणारं आहे. पण चर्च हलतं, जमिनीतले थर हलत नाहीत. नुकसान अटळ ठरलं तर उरतो तो बचाव उत्खननाचा मार्ग. त्याला पुरेसा वेळ, पैसा आणि नंतरच्या जतनाची तरतूद आधी ठेवून घ्यावी.

नववी पायरी: मोजत राहा, आणि थांबवण्याचा अधिकार लिहून घ्या

सर्वेक्षणाच्या खुणा स्थळापासून सुरू होऊन प्रभावक्षेत्राबाहेरच्या स्थिर खडकापर्यंत जाव्यात. दोन खुणांमधलं अंतर खोलीच्या विसाव्या भागाएवढं ठेवण्याची पद्धत आहे. भिंतींवर भेगमापक, मनोऱ्यावर कलमापक लावा आणि सोबत तापमानाची नोंद ठेवा. दगडी भिंतीतल्या भेगा उन्हातान्हानेही उघडझाप करतात.

उपग्रहाचं रडार आता कुणालाही वापरता येतं. युरोपच्या सेंटिनेल-१ ची माहिती २०१४ पासून मोफत मिळते; त्याच्या प्रतिमेतला एक रंगपट्टा म्हणजे सुमारे २.८ सेंटिमीटर हालचाल. दाट झाडी आणि झपाट्याने खचणारी जमीन इथे ते अडखळतं. जास्त तरंगलांबीचं रडार तिथे बरं चालतं आणि जुलै २०२५ मध्ये सोडलेला निसार हा भारत-अमेरिकेचा उपग्रह त्यासाठी उपयोगी आहे. स्थानिक गटांना कंपनीच्या आकड्यांची स्वतंत्र पडताळणी करायची असेल, तर इथून सुरुवात करावी.

मोजमापाला अर्थ येतो तो त्यावर कृती ठरलेली असली तर. आकडे वाचले जाण्याआधीच तीन पातळ्या लिहून ठेवा: अंदाजाच्या निम्म्यापर्यंत नेहमीची नोंद, त्यापुढे मोजणी वाढवून तज्ज्ञांची पाहणी, आणि अंदाज ओलांडला की आखलेला बदल. या बदलात पुढचं पॅनेल अरुंद करणं किंवा ते सुरूच न करणं असलं पाहिजे. चालू फेस कुठे थांबवायचा याच्या सुरक्षित जागाही नकाशावर आधीच दाखवा. आदेश देणारी व्यक्ती पदनामासह करारात असावी आणि तिचा पगार उत्पादनावर अवलंबून नसावा.

अचानक सापडणाऱ्या अवशेषांसाठीही हाच नियम. इराणमधल्या चेहराबादच्या मिठाच्या खाणीत १९९३ मध्ये कामगारांना मिठाने टिकवलेला प्राचीन माणसाचा देह मिळाला. पुढे आणखी देह मिळत गेले आणि २००८ मध्ये खाणीचा परवाना रद्द झाला. पहिल्यांदा पाहणारा माणूस यंत्रावरचा कामगार असतो. त्याला काय ओळखायचं, कुणाला फोन करायचा आणि काम थांबवल्याबद्दल त्याची मजुरी कापली जाणार नाही, हे सांगून ठेवा. प्रकल्पात जागतिक बँक गटातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाचा पैसा असेल, तर त्यांचं सांस्कृतिक वारशाबद्दलचं आठवं मानक अशी कार्यपद्धती बंधनकारक करतं. कायदा तोकडा पडतो तिथे सावकाराच्या अटी कामी येतात.

दहावी पायरी: खाण बंद झाल्यानंतरची तरतूद

लाँगवॉलचं बहुतेक खचणं फेस गेल्यावर काही महिन्यांत होऊन जातं. सोडलेले खांब मात्र दशकांनंतरही ढासळू शकतात, आणि पंप बंद झाल्यावर भूजल वर चढतं, जमीन किंचित उचलली जाते, आम्लधर्मी पाणी नव्या वाटा शोधतं. जर्मनीच्या रूर भागात शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. तिथे पाणी उपसणं कायमचं चालू ठेवावं लागणार आहे आणि त्यासाठी वेगळा निधी उभारलेला आहे. स्थळाच्या देखरेखीचा पैसाही असाच खाण चालू असतानाच वेगळ्या खात्यात जमा करून घ्या. कंपनी बुडाली तरी त्याला हात लागता कामा नये.

खाणीचे अंतिम नकाशे, खुणांच्या मोजण्या, पिझोमीटरच्या नोंदी आणि फेस कुठल्या तारखेला कुठे होता याची वही, हे सगळं पुरातत्त्व विभागाच्या अभिलेखागारात जमा करण्याची अट परवान्यातच हवी. पुढे तिथे उत्खनन करणाऱ्याला एखाद्या थरातली भेग प्राचीन भूकंपाची की खाणीची, हे त्या वहीवरूनच ठरवता येईल.